कोरडवाहू गोल्फ

व्यावसायिक गोल्फपटू म्हणजे गोल्फ खेळून पोट भरणारा माणूस. हौशी गोल्फपटू पैसे देऊन खेळतो आणि व्यावसायिक पैसे घेऊन खेळतो, असा या दोघांतला फरक सांगितला जातो. प्रत्यक्षात बहुतेक व्यावसायिकही बरीच वर्षे पैसे देऊनच खेळतात. त्यांना ते परत मिळतील अशी आशा असते, एवढेच. आधी लावायचे, मग वाट पाहायची आणि साधले तर काढायचे, हा हिशेब यवतमाळ जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांत गोल्फ माहीत असलेली माणसे थोडी. गोल्फपटूच्या धंद्याची रीत ओळखणारी मात्र दर धुऱ्यावर भेटतील.

खेळ असा आहे. लिंबाएवढा एक चेंडू असतो. त्याचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नसावे आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नसावा. तो काठीने मारत मारत दूरवरच्या १०८ मिलिमीटर रुंदीच्या भोकात, म्हणजे होलमध्ये, घालायचा. असे अठरा वेळा केले की एक फेरी पुरी होते. त्यासाठी चौदापर्यंत काठ्या बाळगता येतात. वऱ्हाडात याच्या जवळचा खेळ म्हणजे गिल्लीदांडा. त्यात गिल्ली आधी टोचून हवेत उडवायची आणि ती खाली यायच्या आत तिला हाणायचे. उडत्या गिल्लीला एक दांडा पुरतो आणि जमिनीवर निपचित पडलेल्या चेंडूला चौदा काठ्या लागतात, हे गोल्फचे पहिले आश्चर्य.

दुसरे आश्चर्य गणतीचे. गिल्लीदांड्यात गिल्ली जितकी लांब तितके दांडे जास्त, आणि ज्याचे दांडे जास्त त्याचा डाव वर. मोजायचे शब्द गावागणिक बदलतात, भांडणे मात्र सगळीकडे सारखीच. गोल्फमध्ये ज्याच्या फटक्यांचा आकडा कमी तो जिंकतो. ७ ऑगस्ट २०२१ रोजी अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये पदकाच्या उंबरठ्यावर पोचली, तेव्हा देशातल्या असंख्य घरांत भल्या पहाटे पहिल्यांदाच गोल्फ लागले. ती चौथी आली. तोवर निम्म्या घरांचा गोंधळ मिटलेला नव्हता, की उणे आकडा ही आनंदाची गोष्ट आहे की दुःखाची. कमी आकड्यांची यवतमाळला सवय आहे; एकरी उतारा हा सहसा कमीच आकडा असतो. पण कमी आकड्यावर बक्षीस मिळते, ही बातमी इथे नवीन होती.

अठरा होलांच्या मैदानाला शंभर एकरांहून जास्तच जमीन लागते, दीडशेही लागते. ती कोणी पेरत नाही. "इतकी जागा पडीत काहून ठेवली बापा?" हा वऱ्हाडी माणसाचा पहिला प्रश्न, आणि गोल्फच्या वाङ्मयात त्याचे समाधानकारक उत्तर नाही. दुसरी अडचण मातीची. होल ज्या गुळगुळीत हिरवळीत असतो तिला ग्रीन म्हणतात. तिच्यावरचे गवत तीनेक मिलिमीटरवर कापलेले असते. पाणी झटकन निचरून जावे म्हणून तिच्याखाली साधारण दहा सेंटिमीटर खडी आणि त्यावर तीस सेंटिमीटर वाळूचा थर घालतात. कपाशीच्या काळ्या जमिनीचा स्वभाव नेमका उलटा. पाणी मिळाले की ती फुगते आणि धरून ठेवते. एप्रिल उजाडला की आक्रसते, आणि मनगटापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीत होल खणण्याचा खर्च वाचतो, कारण होल दर हातावर तयारच असतात. पण चेंडू नेमका कोणत्या भेगेत गेला म्हणजे खेळ संपला, हे ठरवायला पंच मंडळ नेमावे लागेल.

गोल्फ हिंदुस्थानात आला तो साहेबाबरोबर. कोलकात्याचा क्लब १८२९ सालचा. मुंबईत १८४२ मध्ये गोल्फ क्लब निघाला, आणि चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७चा. पुढे जिथे छावणी तिथे गोल्फ, असा साधारण नियम झाला. यवतमाळला छावणी नव्हती. इथे साहेबाचे लक्ष कापसावर होते, म्हणून त्याने जिल्ह्याला मैदानाऐवजी मूर्तिजापूर–यवतमाळ ही नॅरोगेज रेल्वे दिली. लोकांनी तिला शकुंतला म्हटले. कसलेल्या गोल्फपटूचा चेंडू काठीवरून सुटताना ताशी २७० किलोमीटरच्या आसपास वेगाने निघतो. शकुंतलेबाबत असे काही कधी घडले नाही. साहेब गेला, पुढे शकुंतलाही थांबली, आणि गोल्फ तर आलाच नव्हता. त्यामुळे त्याच्या जाण्याचे दुःख जिल्ह्याला झाले नाही.

गोल्फपटू घडतो कसा, याला तीन दरवाजे आहेत. पहिला दरवाजा लष्कराचा. लष्करी अधिकाऱ्याची बदली जिथे होते तिथे बहुधा गोल्फचे मैदान असते, आणि मुलाला संध्याकाळी दुसरे काही काम नसते. अनिर्बान लाहिरी या दरवाजाने आला. वडील लष्करात डॉक्टर, आणि जन्म १९८७चा पुण्यातला, म्हणून लाहिरी आडनावाचा माणूसही आपलाच, असे पुणे मानते. पुण्याचे मन अशा बाबतीत मोठे असते. दुसरा दरवाजा क्लबच्या सदस्यत्वाचा. बाप सदस्य असेल तर मूल मैदानावर जाते. नसेल तर सदस्यत्वाच्या यादीत नाव घालून थांबावे लागते, आणि नंबर लागेपर्यंत मूल आजोबा होते.

तिसरा दरवाजा मागचा. खरी गंमत तिथे आहे. पिशवी वाहणारी, चेंडू शोधणारी, गवत कापणारी मुले या दाराने आत शिरतात. साहेब जेवायला गेले की मोडकी काठी घेऊन ती खेळून बघतात. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडीचे, म्हणजे पिशवी वाहण्याचे, काम केलेला अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला. तोवर एकाही भारतीय व्यावसायिकाला ते जमले नव्हते. १९९३ मध्ये तो पुन्हा जिंकला, म्हणजे पहिला विजय चुकून नव्हता हेही सिद्ध झाले. एस. एस. पी. चौरसिया रॉयल कलकत्ता क्लबच्या गवताची निगा राखणाऱ्याचा मुलगा. बाप गवत राखी आणि मुलगा त्यावर चेंडू घरंगळवी. तो २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन जिंकला. दक्षिण आफ्रिकेतला पापवा सेवगोलम हा भारतीय वंशाचा कॅडी तर काठी उलट्या हातांनी धरायचा. जो हात वर हवा तो खाली. कोणत्याही प्रशिक्षकाने त्याला पहिल्याच दिवशी घरी पाठवले असते. सुदैवाने प्रशिक्षक परवडत नव्हता. तो १९५९ मध्ये डच ओपन जिंकला. १९६३ मध्ये नाताळ ओपन जिंकला तेव्हा क्लबच्या इमारतीत गोऱ्यांशिवाय कोणाला प्रवेश नसल्याने विजेत्याला बाहेर पावसात करंडक देण्यात आला, आणि हरलेले आत कोरडे होते.

आर्णी किंवा महागावच्या कास्तकाराच्या मुलापुढे हे तिन्ही दरवाजे बंद असतात. चौथा दरवाजा कोणी उघडेल असे दिसत नाही, कारण त्यासाठी आधी भिंत लागते.

दरवाजातून आत गेल्यावर मुलगा काही वर्षे हौशी म्हणून खेळतो, करंडक जमवतो आणि एका सकाळी 'आता मी व्यावसायिक' असे जाहीर करतो. त्या क्षणी त्याचे उत्पन्न शून्य होते. भारतात व्यावसायिकांचा मुख्य दौरा पीजीटीआय या संस्थेचा. ती २००६ मध्ये निघाली आणि २०२४ मध्ये कपिल देव तिचा अध्यक्ष झाला. क्रिकेटपासून सुटका करून घ्यायला गोल्फकडे आलेल्या प्रेक्षकांचे तेवढ्यापुरते हसू झाले. दौऱ्यावर खेळायला परवाना लागतो, आणि तो मिळवायला पात्रता शाळा नावाची परीक्षा असते. नाव शाळा; शिकवत कोणी नाही, फक्त नापास करतात.

स्पर्धा चार दिवसांची, रोज अठरा याप्रमाणे ७२ होलांची. सुरुवातीला सव्वाशेच्या आसपास खेळाडू असतात. दोन दिवस झाले की कट पडतो. पहिले पन्नास आणि पन्नासाव्याशी बरोबरी असलेले पुढे जातात, बाकीचे पिशवी आवरतात. कट चुकलेल्याला एक रुपया मिळत नाही. विमान किंवा रेल्वेचे भाडे, खोली, जेवण, कॅडीची मजुरी, प्रवेश शुल्क, सगळे त्याचे स्वतःचे. थोडक्यात, बी टाकले, खत दिले, दोन निंदण झाले आणि पावसाने दडी मारली. मग पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी दुबार पेरणी. वर्षाला अशा वीसेक पेरण्या होतात. खेळाडू पहिल्या दिवशी टीवर, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागी, उभा राहतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो भाव असतो, तो यवतमाळच्या मोंढ्यात कृषी सेवा केंद्राच्या काउंटरसमोर जूनच्या पहिल्या आठवड्यात पाहायला मिळतो: खिसा हलका, आशा भारी, आणि उधारीचे पान उघडे.

कट पार केलेल्यांत बक्षीस वाटले जाते, पण सारखे नाही. अलीकडच्या एक कोटी रुपयांच्या स्पर्धेत विजेत्याला पंधरा लाख मिळतात. तिथून रक्कम पायऱ्यापायऱ्यांनी उतरते, आणि तळाच्या क्रमांकांना आठवड्याचा खर्च निघाला तरी पुरे. हमीभाव नाही. कापसाला आहे, असे म्हणतात. परदेशात हीच उतरंड डोंगराएवढी होते. मार्च २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये लाहिरी दुसरा आला आणि त्याला २१ लाख ८० हजार डॉलर मिळाले. पहिला आलेल्या कॅमेरॉन स्मिथला ३६ लाख. दोघांत अंतर एका फटक्याचे. म्हणजे एका फटक्याची किंमत १४ लाख २० हजार डॉलर. इतका महाग फटका पोलीस ठाण्यातही बसत नाही.

उलट दिशेनेही नशीब चालते. पुणेकर उदयन माने टोकियो ऑलिंपिकच्या प्रतीक्षायादीत होता. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रियोने माघार घेतली आणि मान्याचे तिकीट पक्के झाले. एसटीच्या गर्दीत कोणीतरी मधेच उतरावे आणि उभ्याला खिडकीची जागा मिळावी, तसे. साठ जणांत तो ५६वा आला. या क्रमांकाची चेष्टा करण्यापूर्वी लक्षात घ्यावे, की ऑलिंपिकच्या गोल्फमध्ये ५६वे येण्यासाठीसुद्धा आधी ऑलिंपिकला जावे लागते.

गोल्फपटू मैदानावर एकटा दिसत असला तरी त्याच्या मागे कॅडी असतो. पिशवी उचलणे हे त्याचे किरकोळ काम. खरे काम म्हणजे मालकाला धीर देणे, वारा सांगणे आणि चूक झाली की ती स्वतःच्या अंगावर घेणे. जिंकल्यास बक्षिसाचा दहावा हिस्सा कॅडीला देण्याची चाल आहे. सालदार आणि मालक यांचे नाते ज्याला ठाऊक आहे त्याला हे नाते कळायला वेळ लागत नाही. सालदाराला दहावा हिस्सा मिळत नाही, हा तपशिलाचा फरक.

हे दोघे मिळून काय करतात ते एका पटपुरते, म्हणजे ग्रीनवरच्या एका हलक्या फटक्यापुरते, जवळून पाहावे. चेंडू होलपासून तीन फुटांवर आहे. सहा वर्षांचे मूल तो पायाने घालेल. खेळाडू चेंडूमागे उकिडवा बसतो. एक डोळा मिटतो. काठी लंबकासारखी लोंबती धरून जमिनीचा उतार जोखतो. कॅडी समोरच्या बाजूने बसून तोच उतार पाहतो आणि त्याला तो उलटा दिसतो. दोघे कुजबुजतात. खेळाडू पुढे येऊन एक काडी उचलतो, जी चेंडूच्या वाटेत नव्हती. मग होलची कड बोटाने नव्हे, नजरेने चाचपतो. परत मागे जातो. पुन्हा उकिडवा. मृग लागल्यावर आभाळात एक काळा ठिपका आला की कास्तकार डोळ्यांवर हात धरून जसा उभा राहतो आणि शेजाऱ्याला विचारतो, "येते का नाही?", तोच हा क्षण. अखेर खेळाडू उभा राहतो, दोनदा हवेत काठी हलवतो आणि तिसऱ्यांदा चेंडूला लावतो. चेंडू कडेवर येतो, होलभोवती अर्धा फेरा घेतो आणि बाहेरच थांबतो. सगळे मिळून सव्वा मिनिट. आभाळातला ठिपकाही साधारण असाच दारव्ह्याकडे सरकतो.

चेंडू हरवला तर शोधायला तीन मिनिटे मिळतात. २०१९ पूर्वी पाच मिळत. तेवढ्यात सापडला नाही तर दंडाचा फटका आणि मागे जाऊन नवा चेंडू. तुरीच्या वावरात गेलेली गिल्ली शोधायला मुले तिसऱ्या प्रहरापासून दिवे लागेपर्यंत वेळ घेतात, मध्ये हिरव्या शेंगाही खाऊन होतात, आणि वावराचा मालक आला की खेळ आपोआप तहकूब होतो. नियम म्हणून ही पद्धत गोल्फपेक्षा पुष्कळ माणुसकीची आहे.

गोल्फमध्ये पंच प्रत्येकाच्या मागे फिरत नाही. खेळाडू एकमेकांचे आकडे लिहितात आणि फेरी संपल्यावर आपले कार्ड तपासून सही करतात. या सहीपुढे ब्रह्मदेवाचेही चालत नाही. १९६८च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाचा रोबेर्तो दे विसेन्सो शेवटच्या दिवशी अप्रतिम खेळला. सतराव्या होलवर त्याला तीन फटके लागले. जोडीदार टॉमी एरनने कार्डावर चार लिहिले. दूरचित्रवाणीवर लाखोंनी तीन पाहिले होते. दे विसेन्सोने न पाहता सही केली. सही केलेला आकडा खऱ्यापेक्षा जास्त असेल तर तोच धरायचा, असा नियम. म्हणून ६५ची फेरी ६६ची झाली, बरोबरी हुकली आणि बॉब गोल्बी विजेता ठरला. त्या दिवशी दे विसेन्सोचा वाढदिवस होता. सातबाऱ्यावर चुकीची नोंद चढली तर तलाठ्याकडे दुरुस्तीचा अर्ज तरी देता येतो. नोंद नातवाच्या काळात दुरुस्त होते, पण होते.

बाकी नियमपुस्तक दयाळू आहे. मैदानाचा एखादा तुकडा 'दुरुस्तीखालील जमीन' म्हणून आखला असेल तर तिथून चेंडू विनादंड उचलता येतो. हे कलम रस्त्यांना लावले तर जिल्ह्यातले अर्धे प्रवासी विनादंड उचलावे लागतील. प्राण्याने बीळ केले असेल तर सूट. आणि १६.२ क्रमांकाचा नियम धोकादायक प्राण्यांचा: चेंडूजवळ विषारी साप, मधमाश्या, अस्वल, मगर असे काही असेल, तर खेळाडूने जीव धोक्यात घालायचा नाही. सुरक्षित जागी, होलच्या अधिक जवळ न जाता, चेंडू विनादंड टाकायचा आणि खेळ चालू ठेवायचा. वाघाचे नाव वेगळे घातलेले नाही, पण वाघ या व्याख्येत बसतो याबद्दल वाद होणार नाही. कापसाला असे कलम नाही. बोंड जिथे फुटते तिथेच वेचावे लागते.

हे कलम आठवण्याची वेळ २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यावर आली, आणि त्याच वेळी जिल्ह्यात एक खराखुरा व्यावसायिक गोल्फपटू अवतरला.

ज्योती रंधावा याचा जन्म १९७२चा, घर लष्करी, म्हणजे पहिला दरवाजा. १९९४ मध्ये तो व्यावसायिक झाला. इंडियन ओपन २०००, २००६ आणि २००७ अशी तीनदा जिंकली. २००२ मध्ये आशियाई दौऱ्याच्या वर्षभराच्या कमाईच्या यादीत तो पहिला आला. कोणा भारतीयाने तो मान पहिल्यांदाच मिळवला. पुढच्या वर्षी त्याने जपानमध्ये सनटोरी ओपन जिंकली. जगातल्या पहिल्या शंभरांत त्याचे नाव होते. पांढरकवड्याला यातले काही कळलेले नव्हते. गोल्फच्या जगाला पांढरकवडा माहीत नव्हता, तेव्हा फिटंफाट.

पांढरकवडा आणि राळेगावच्या पट्ट्यात टी-१ नावाची वाघीण होती. कोणी तिला अवनी म्हणे. २०१६ पासून तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचे नाव जोडले गेले. ते गावांचे दुःख होते आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. वेचणीला एकट्याने जाणे बंद झाले, रात्रीची जागल बंद झाली, ढोरे लवकर घरी येऊ लागली. हसू येते ते त्यानंतर जमलेल्या जत्रेचे. वाघिणीला शोधायला कॅमेरे लागले, हत्ती आले, ड्रोन आले, हैदराबादचा नेमबाज आला. तिला भुलवायला कॅल्विन क्लाईन कंपनीचे 'ऑब्सेशन फॉर मेन' हे अत्तर आणले गेले. ज्या तालुक्यात लग्नातही गुलाबपाण्यावर भागते, तिथे झुडपांना विलायती अत्तर लागले. आणि ऑक्टोबरात आपली दोन केन कोर्सो जातीची इटालियन कुत्री घेऊन रंधावा आला. रानडुकरांच्या शिकारीसाठी आणि राखणीसाठी नावाजलेली ही जात. एकेकाचे वजन पंचेचाळीस किलोच्या घरात. जिल्ह्याला अखेर आंतरराष्ट्रीय कीर्तीचा गोल्फपटू पाहायला मिळाला, पण काठ्यांची पिशवी न घेता.

गोल्फपटू निवडण्यामागे काही तर्क असलाच तर तो असा असावा: उंच गवतात हरवलेली वस्तू शोधण्याचा इतका दीर्घ अनुभव दुसऱ्या कोणत्याही खेळाडूला नसतो. फक्त इथे तीन मिनिटांची मर्यादा नव्हती. कुत्र्यांना वाघीण सापडली नाही. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री बोराटीजवळ ती गोळीने मारली गेली, आणि त्यावर जो वाद पेटला तो देशभर पुरला. रंधावा तोवर यवतमाळच्या बातम्यांतून बाहेर पडला होता. त्याच डिसेंबरात उत्तर प्रदेशातल्या बहराइच जिल्ह्यात अवैध शिकारीच्या आरोपावरून त्याला अटक झाली. ते प्रकरण न्यायालयाचे. गोल्फवरच्या लेखाने त्यात नाक खुपसू नये. जिल्ह्यापुरता निष्कर्ष असा, की गोल्फ म्हणजे मोठमोठी कुत्री पाळण्याचा धंदा, असा काही गावांचा समज झाला असेल तर त्यात गावांचा दोष नाही.

गोल्फपटूच्या कारकिर्दीचा शेवट एका दिवसात येत नाही. फलंदाज निवृत्त होतो, भाषण करतो, रडतो. गोल्फपटू नुसता विरत जातो. आधी पाठ जाते, कारण पंचवीस वर्षे दिवसाला शेकडो वेळा कंबर पिळलेली असते. मग तीन फुटांचे पट चुकू लागतात. हात ऐन वेळी आपोआप थरथरतो. याला इंग्रजीत यिप्स म्हणतात, आणि त्यावर खात्रीचा उपाय नसल्यामुळे उपाय सांगणारे फार आहेत. कोणी काठी बदलतो, कोणी पकड बदलतो, कोणी गुरू बदलतो. दरवर्षी बियाण्याचे वाण बदलून पाहणारा कास्तकार आणि दरवर्षी पटर बदलून पाहणारा गोल्फपटू यांच्या घरी अडगळीच्या खोलीत सारखीच रास असते. कट आधी महिन्यातून एकदा हुकतो, मग दोनदा, मग कट लागला की ती बातमी होते. वऱ्हाडात कापसाची शेवटची वेचणी होऊन पऱ्हाटी उपटायला आली की त्याला उलंगवाडी म्हणतात. झाडावर एखादे कवडीचे बोंड राहिलेले असते आणि ते वेचायला पोरे तेवढ्यासाठी वावरात जातात. चाळिशीतला गोल्फपटू त्या बोंडासाठी बांगलादेश, थायलंड, तैवान असा हिंडत असतो.

काहीजण याच टप्प्यावर शिकवायला लागतात. क्लबच्या सरावपट्टीवर एखाद्या उद्योगपतीच्या कमरेला धरून ती वळवायची आणि वळली नाही तरी "वा!" म्हणायचे, हे काम दौऱ्यापेक्षा भरवशाचे आहे. तासाचे पैसे ठरलेले. पावसाचा संबंध नाही. काही मैदाने आखून देतात, काही दूरचित्रवाणीवर समालोचन करतात, आणि दुसऱ्याचा तीन फुटांचा पट चुकला की किती सोपा होता ते सांगतात.

उरलेले पन्नाशीची वाट पाहतात. गोल्फ हा बहुधा एकमेव खेळ, ज्यात माणूस पन्नासावा वाढदिवस लवकर यावा म्हणून नवस करतो, कारण त्या दिवशी त्याला ज्येष्ठांच्या दौऱ्यावर प्रवेश मिळतो. रंधावाने ही पायरी २०२२ मध्ये गाठली. ज्येष्ठांच्या स्पर्धा बहुधा तीनच दिवसांच्या असतात, चालण्याऐवजी गाडी मिळण्याची शक्यता वाढते, आणि मुख्य म्हणजे बहुतेक ठिकाणी कट नसतो. जो आला आणि तिन्ही फेऱ्या पुऱ्या करून सही केली, त्याला शेवटच्या क्रमांकाचे का होईना, पैसे मिळतात. यवतमाळच्या भाषेत हा पीकविमा झाला. फरक इतकाच, की गोल्फमध्ये पंचनाम्याला कोणाला यावे लागत नाही आणि रक्कम त्याच हंगामात खात्यावर पडते.